डोंगराची होळी आणि जिनची मुकादमी

नंदुरबारच्या अख्तरबानोच्या लेकीचं, गुलशनचं, लग्न झालं ते एकोणीसशे एकतीस साल. वऱ्हाड नवापूरहून आगगाडीने आलं आणि आगगाडीनेच परत गेलं. पोर सासरी गेली तशी घरात दोनच माणसं उरली. अख्तरबानो आणि तिचा नवरा दाऊद पिंजारी. दाऊद दारोदार फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचा, ती रतिलाल शेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस यंत्राला भरवायची. कापूस त्या घराला पोसत होता आणि हळूहळू खातही होता. अख्तरबानोच्या छातीत रुईचा भुगा बसला होता. हकिमाने स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, यंत्रापासून दूर हो. नाहीतर दोन-तीन हंगामांची सोबती आहेस."

दूर होऊन जाणार कुठे? जिनात एकच जागा अशी होती जिथे यंत्राच्या तोंडाशी उभं राहावं लागत नसे. ती मुकादमिणीची. मुकादमीण रांगेतून फिरायची, दारात वाऱ्याला उभी राहायची. जुनी मुकादमीण त्याच थंडीत लेकाकडे सुरतेला गेली आणि जागा रिकामी झाली.

शेठने अख्तरबानोला बोलावलं. "होळी होईपर्यंत तू बघ. मग ठरवू. पण खरं सांगतो, मला शांतीबाई बरी वाटते. यंत्रांच्या वर तिचा आवाज चढतो. तुझा आवाज तर मलाच इथे ऐकू येत नाही."

शांतीबाई म्हणजे खणखणीत बाई. तिने हाक मारली की गेटाबाहेरचे बैल कान टवकारत. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण जागा तिलाही हवीच होती.

जिनात निम्म्या बाया गावच्या आणि निम्म्या सातपुड्यातून उतरलेल्या. डोंगरच्या बाया सुगी संपली की नवऱ्यांसह खाली यायच्या, जिनच्या मागे पळसाच्या पानांच्या झोपड्या घालून राहायच्या. त्या कमी बोलायच्या. त्यांच्यातली रमिलाबाई तेवढी थोडी अहिराणी जाणायची.

फाल्गुन लागला तशी अख्तरबानोला वाटलं, सणाची सुट्टी आपणहून मागून घ्यावी म्हणजे बाया खूश राहतील. ती शेठला म्हणाली, "होळी आन धुळवड, दोन्ही दिवस जिन बंद ठेवा. सगळ्यांले एकदम सुट्टी द्या." शेठने मान डोलावली. दोन दिवस जिन बंद राहिला. गावच्या बाया रंगल्या, नाचल्या. डोंगरच्या बाया मात्र झोपड्यांपुढे नुसत्या बसून राहिल्या. अख्तरबानोला त्याचं नवल वाटलं, पण तिने विचारलं नाही. चूक झाली ती तिथेच.

तिसऱ्या दिवशी भोंगा वाजला. गावच्या बाया आत आल्या. डोंगरच्या बाया गेटाबाहेर, कडुनिंबाखाली, गाठोडी बांधून बसलेल्या.

"काय झालं?" शेठ बाहेर आला.

रमिलाबाई उठली. "आम्ही होळीले जाई ऱ्हायनूत."

"होळी? होळी तर झाली! दोन दिवस यंत्रं बंद ठेवली मी!"

"ती तुम्हनी."

शेठचा चेहरा लाल झाला. "आता माल येऊन पडलाय, बाहेर गाड्यांची रांग लागलीय, आणि अर्ध्या बाया गेल्या तर मी काय करू? गेलात तर परत येऊ नका. दुसऱ्या बाया आणतो मी." असं म्हणून तो आत निघून गेला.

बाया गाठोड्यांच्या गाठी आवळू लागल्या. त्या माणसांची रीतच तशी. मनाविरुद्ध झालं तर भांडत बसत नाहीत, उठून चालू लागतात. मग मागे वळून बघणं नाही.

शांतीबाई दारातून म्हणाली, "आपा, ओरड ना तिसनावर! का तोंडात रुई भरेल शे तुन्हा?" आतल्या बाया हसल्या.

अख्तरबानो हसली नाही आणि ओरडलीही नाही. ती कडुनिंबाखाली गेली आणि त्यांच्यात, मातीत, बसली. कुणी पाणी दिलं ते प्यायली. गाड्यांचे बैल रवंथ करत होते. शेवटी तिने विचारलं, "रमिलाबाई, तुम्हनी होळी कव्हय शे?"

रमिलाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. एवढ्या वर्षांत खालच्या माणसाने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"मन्ही धडगावकडनी. आठ दिसांत. मन्हा नवरा जामसिंग यंदा नवसना बुध्या बननार शे. अंगले राख लावीसन, मोरपिसं बांधीसन नाचनार. मी नही गयी तर नवस कसा फिटी?"

"आन यांची?" अख्तरबानोने बाजूच्या बायांकडे बोट केलं.

"त्यासनी तोरणमाळनी. ती मंगन, आणखी पाच-सात दिसांनी. खापरकडना पाड्यासनी सगळ्यांना मांगे."

"सगळ्यांची एकाच दिशी नही?"

आता बाया हसल्या. एक म्हातारी आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि रमिलाबाईने ते सांगितलं. "ती म्हने, सगळ्या गावनी होळी एकच दिशी जळी तर पाहुना जाई कुठे? नाची कुठे?"

अख्तरबानोला तेव्हा उमगलं. डोंगरात होळी पंचांगाने जळत नाही, गावागावाने ठरवून जळते, म्हणजे एका गावाने दुसऱ्याच्या होळीला जावं. आपण शहाणपणाने मागितलेली सुट्टी यांच्या काही कामाची नव्हती.

ती उठून शेठकडे गेली. "शेठ, चूक मन्ही शे. मी न विचारता सुट्टी मांगी. आता ऐका. यांच्या होळ्या येगयेगळ्या. एक टोळी जाई, ती ईसन दुसरी जाई. जिन बंद ऱ्हायनार नही."

"आणि पहिली टोळी परत आलीच नाही तर?"

"तर शांतीबाईले मुकादमी द्या. मी मन्ह्या यंत्रावर जासू."

शेठ तिच्याकडे बघत राहिला. तिच्या खोकल्याचं त्यालाही माहीत होतं. "तू काय बोलतेस ते तुला कळतं ना?"

"कळतं."

शेठने होकार दिला. धडगावच्या बाया गेल्या, बाकीच्या कामावर परतल्या. परतायचा वायदा सोमवारचा. सोमवारी भोंगा वाजला, त्यांची यंत्रं रिकामी. अख्तरबानोने आपल्या हाताने एका यंत्राला कापूस भरवायला घेतला. शेजारचं दुसरं यंत्र शांतीबाईने स्वतः सांभाळलं. फक्त एवढंच पुटपुटली, "यंत्रानी सवय मोडू नको, आपा. आते आठेच ऱ्हानं शे."

दुपारी गेटावर गलका झाला. अख्तरबानो पदराने तोंड पुसत बाहेर आली. धडगावच्या बाया आल्या होत्या. बरोबर आलेल्या जामसिंगच्या कानामागे अजून राख होती. पण दोन चेहरे नवे होते.

"दोन जनी तापमां पडन्यात," रमिलाबाई म्हणाली. "रिकामं यंत्र दिसतं तर तुन्ही गोट खोटी पडती. म्हनीसन त्यासन्या बहिनींले लई उनूत. वाटमां तिसना गावले जानं पडनं, म्हनीसन उशीर झाया."

शेठ ओट्यावर उभा राहून ऐकत होता. तोरणमाळच्या टोळीला निघायला सांग, एवढंच बोलून तो आत वळला. मग थांबला आणि अख्तरबानोला म्हणाला, "तू यंत्रावर काय करतेस? मुकादमीण ना तू? दारात उभी राहा."

शांतीबाई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी स्वतःच आली आणि म्हणाली, "आपा, तू विचारत जा, आन मी ओरडत जासू." पुढे बरेच हंगाम तसंच चाललं, आणि ते चांगलंच चाललं. गावात नवीन जिन निघाले, दुसऱ्या शेठांनीही आपल्या मुकादमांना पौषातच झोपड्यांकडे पाठवायला सुरुवात केली, कुणाची होळी कधी ते विचारायला. कुणी त्यांना तसं शिकवलं नव्हतं. बाया निघून गेल्यावर झालेलं नुकसान बघून शिकले.

दाऊद पिंजारी एकोणीसशे एकेचाळीस साली गेला. अख्तरबानो एकोणीसशे सेहेचाळीसच्या जुलै महिन्यात, जिन बंद असताना, नवापूरला लेकीच्या घरी वारली.