शेगडीवर शिजलेला दगड

आमच्या तेलविहिरीतला दगड करपलेला आहे, असं प्रयोगशाळेने कळवलं तेव्हा मी जेवत होते. आंबवलेल्या कोबीचं वाडगं तसंच टाकून मी आमच्या कार्यालयाचे प्रमुख यान यांच्या खोलीत गेले. ते निवांत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. म्हणाले, वाईट वाटतंय, पण ठीक आहे, नवीन वर्षाच्या सुट्टीआधी निकाल लागला हे बरंच झालं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे सगळं खोरं कधीकाळी तळं होतं. त्यातलं शेवाळ मेलं, तळाच्या गाळात गाडलं गेलं, वर थरावर थर चढले आणि त्या शेवाळाचं केरोजेन झालं. दगडात घट्ट अडकलेला तपकिरी ऐवज. दगड जितका खोल, तितका गरम. पुरेसा तापला की केरोजेनमधून तेल सुटतं. त्याहून तापला तर तेल जातं, वायूही जातो आणि मागे काजळी उरते. हे मी यान यांना इतक्यांदा सांगितलंय की त्यांना ते झोपेत पाठ म्हणता यायला हवं. येत नाही.

"आपली विहीर खोऱ्याच्या काठावर आहे," मी म्हणाले. "उथळ आहे. तिथला दगड करपणार कसा?"

"यंत्र खोटं बोलत नाही, इंजिनियरबाई."

"यंत्रात काय घातलंय ते बघायला नको?"

त्यांनी बियांची टरफलं कागदावर गोळा केली. काठावरच करपलंय तर मधल्या खोल भागात काय उरलं असणार, असा त्यांचा हिशेब होता. दगड खरोखर करपलेला असता तर हिशेब चुकीचा नव्हता. म्हणजे सगळंच्या सगळं खोरं तेलशोधाच्या यादीतून बाद. या खोऱ्यासाठी मी अर्धी नोकरी भांडण्यात घालवली होती. यंत्रसामग्रीसाठी भांडले, रस्त्यासाठी भांडले, आणि या एका विहिरीसाठी तर लोकांनी माझ्याशी बोलणं सोडावं इतकी भांडले.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या ट्रकमधून विहिरीवर गेले. थंडी अशी की पापण्यांवर बर्फ धरत होता. नमुन्यांचं काम मंग उस्तादांकडे होतं. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर येणारा दगडाचा चुरा धुवायचा, वाळवायचा, पिशव्यांत भरून पाठवायचा. त्यांच्या केबिनचं दार उघडलं आणि धुराने डोळे चुरचुरले, तेलाचा वास नाकात गेला. कोळशाच्या शेगडीचं लोखंडी झाकण लालभडक तापलं होतं. त्यावर पत्र्याचं ताट, ताटात माझा दगड. बाजूला किटली.

"हे काय चाललंय, उस्ताद?"

"नमुने वाळवतोय," ते म्हणाले. "बसा, चहा होतोय."

"शेगडीवर?"

"मग कुठे? तुमच्या प्रयोगशाळेने ओले नमुने परत पाठवले, वर शिव्याही पाठवल्या. वाळवायची पेटी बिघडलीय. बाहेर ठेवले तर दगडाचा बर्फ होतो. आता कसे खडखडीत जातात बघा."

"आणि हा वास? इतके दिवस कुणाला आला नाही?"

"ताओबाई, तेलविहिरीवर तेलाचा वास आला तर कुणाला सांगू?"

मी कपाळावर हात मारला. त्यांचंही चूक नव्हतं, म्हणून तर जास्तच चीड येत होती. इथे जेवणाला डिझेलचा वास, गादीला डिझेलचा वास. शेगडीचा वास निराळा आहे हे कोण हुंगून पाहणार? मी ताट उचलायला गेले आणि बोटं भाजून घेतली. मंग उस्तादांनी माझा हात दारातल्या बर्फात खुपसला.

ताजा चुरा मी स्वतः धुतला, ओलाच बाटल्यांत भरून झाकणं घट्ट लावली आणि स्वतःच प्रयोगशाळेत नेला. तिथे पुन्हा ओल्या नमुन्यांवरून वाद झाला. तुम्हाला हवं तसं वाळवा, फक्त शिजवू नका, असं म्हणून मी तिथेच बाकावर ठाण मांडलं.

निकाल आला: दगड कच्चा. करपणं राहिलं लांब, त्याला अजून तेल सुटण्याइतकीही आच लागलेली नव्हती. पण केरोजेन ठासून भरलेलं. केबिनमध्ये सगळे जो वास हुंगत होते, तो याच दगडातून सुटणाऱ्या तेलाचा होता. जमिनीला जे अजून जमलं नव्हतं, ते मंग उस्तादांनी चहा उकळेपर्यंत करून टाकलं होतं.

मी जवळजवळ धावतच यान यांच्याकडे गेले. हाच थर पश्चिमेला, खोऱ्याच्या मध्याकडे, उतरत खोल जातो, तिथे आच बरोबर मिळाली असणार, तिथे एक विहीर घेऊ या, असं एका दमात सांगितलं. त्यांनी निकाल नीट वाचला. मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे आधी करपलं म्हणून तेल नव्हतं, आता कच्चं म्हणून नाही," ते म्हणाले.

"इथे नाही. पश्चिमेला असेल."

"असेल. तुमचं बरोबरच असणार." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "पण खोरं बाद झालं हे मी वर कळवून बसलोय. आठवड्याभरात शब्द फिरवला तर माझी काय किंमत राहील? जरा थांबा. चार-सहा वर्षांनी कुणीतरी पुन्हा विषय काढेल."

"चार-सहा वर्षांनी?"

"इतकी काय घाई आहे? दगड कुठे पळून जातोय?"

दगड पळून जाणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तो आणखी काही लाख वर्षंसुद्धा थांबेल. मी दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. यान यांनाही ते ठाऊक होतं. माझ्या निरोपाच्या जेवणासाठी कोणतं हॉटेल बरं, हे त्यांनी मला त्याच बैठकीत विचारलं.