निरोप न घेण्याचा सराव

पहिल्याच दुपारी पिल्लाने आईच्या शिलाई मशीनजवळचं दोऱ्याचं बॉबिन पळवलं, सोफ्याच्या पायांभोवती निळा दोरा गुंडाळत धावला आणि शेवटी स्वतःच त्यात अडकून कुईकुई करायला लागला. त्याचे पाय सोडवता सोडवता आई म्हणाली, "घ्या, घरात एक बॉबिन कमी होतं." बाबांनी कागदावर चार-पाच भारदस्त नावं लिहून ठेवली होती, ती तशीच राहिली. पिल्लाचं नाव बॉबिन पडलं.

आई घरीच शिवणकाम करायची. नवे कपडे नाही, दुरुस्तीचे. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची, कुणाला कमरेत सैल करून हवं असायचं. बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. म्हणजे दिवसभर घरात आई आणि बॉबिन. तो मशीनच्या पायडलवरच झोपायचा. शिवायला बसायचं तर आधी त्याला उचलून बाजूला ठेवावं लागे, आणि दोरा ओवून होईपर्यंत तो परत पायडलवर.

बाकी सगळं तो पटकन शिकला. शू कागदावर करायची हे शिकताना मात्र त्याने बाबांचं वाचायचं राहिलेलं वर्तमानपत्र निवडलं. "न वाचताच मत देतो," बाबा म्हणाले, "मोठा होऊन पुढारी होणार." बस, थांब, सोड, गप्प हे शब्द त्याला कळायला लागले. दाराशी पायपुसणं होतं, बेल वाजली की त्यावर जाऊन गप्प बसायचं, हेही जमलं.

एकटं राहणं मात्र जमेना. आई खाली दुकानात जाऊन आली तरी तेवढ्यात तो मान वर करून असा रडायचा की जिन्यात उभं राहणाऱ्यालाही कसंतरी व्हावं. वरच्या मजल्यावरच्या काकू काठीने जमीन ठोकायच्या. एकदा त्या खाली आल्या. "कुत्रं पाळू नका असं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "पण हा रडतो ना, तेव्हा आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं."

त्याच सुमारास आईच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण काढून टाकलेलं बरं. हल्ली अगदी साधं ऑपरेशन असतं. आई म्हणाली, "मी दवाखान्यात, तुम्ही दोघं माझ्यापाशी, मग हा घरी कुणापाशी? काकू पोलीस बोलावतील. आधी याला एकटं राहू दे, मग मी जाते."

"अगं, कुत्र्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलतेस?" बाबा म्हणाले.

"तुमच्यासाठी किती गोष्टी पुढे ढकलल्या, ते नाही दिसलं?"

मग ते काम माझ्याकडे आलं. "शास्त्रज्ञ बाई," आई म्हणाली, "तुमचं शास्त्र काय म्हणतं बघा."

मी वाचलं, दोन-तीन जाणकारांना विचारलं. सगळ्यांचं मत साधारण एकच होतं. पिल्लाला एकटेपणा नंतर छळतो, आधी छळतो निरोप. आपण चावी उचलतो, चपला घालतो, त्याला जवळ घेतो, आवाज मऊ करतो, आणि त्या प्रत्येक गोष्टीतून त्याला कळतं की आता वाईट काहीतरी होणार. म्हणून निरोपच काढून टाकायचा. जाताना बोलायचं नाही, बघायचं नाही. आल्यावरही तो शांत होईपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. जाणं आणि येणं इतकं बिनमहत्त्वाचं करायचं की शेवटी त्याला एवढंच उरेल: गेलेलं माणूस येतं.

हा नियम आमच्या घराला अजिबात न शोभणारा होता. आईचं घराबाहेर पडणं हा एक कार्यक्रम असायचा. "येते गं. दूध बघ. येते. कपडे आत घे हं वाळले की. येते मी." मग अर्ध्या जिन्यातून परत, विसरलेली पिशवी घ्यायला, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाबांची तऱ्हा वेगळी. ते एकदाच "येतो" म्हणायचे, पण आतून कुणी "या" म्हणेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचे नाहीत. आम्ही दोघी कामात असलो तर बूट घालून तसेच उभे, बस चुकली तरी.

सराव सुरू झाला. आई चपला घालून भाजी निवडायची. बाबा चावी घेऊन घरभर फिरायचे आणि जागच्या जागी परत ठेवायचे. मी दार उघडून बाहेर जायचे आणि लगेच आत यायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर तिघांनाही वेड लागलंय असंच वाटलं असतं.

आणि गंमत म्हणजे सगळ्यात कडक आई निघाली. बाबांच्या तोंडून सवयीने "येतो" गेलं की ती कपाळावर हात मारायची. "झालं. आठवड्याच्या मेहनतीवर पाणी." मी घरी आल्यावर बॉबिनकडे बघून हसले तर, "बघितलंस. मी बघितलं तू बघितलंस ते." स्वतः मात्र ती दारातून वाऱ्यासारखी निघून जायची, मान न वळवता.

येताना तिची एक खूण असायची. जिना चढताना तिला दम लागायचा, म्हणून शेवटच्या वळणावर ती थांबायची आणि चाव्यांचा जुडगा कठड्यावर दोनदा आपटायची. जुडग्यात तिने शिवताना बोटात घालायची एक जुनी पत्र्याची टोपी अडकवलेली होती, त्यामुळे त्याचा आवाज वेगळाच यायचा, थोडा फुटका. तो ऐकला की बॉबिन उठायचा, फरशीवर नखं वाजवत दाराशी जायचा आणि पायपुसण्यावर शहाण्यासारखा बसायचा.

हळूहळू रडणं कमी झालं, मग थांबलं. आईने ऑपरेशनची तारीख घेतली.

त्या सकाळी जायचं कसं, हेही तिनेच ठरवलं. बॅग आदल्या दिवशी मावशीकडे पोचवलेली. मावशी खाली गाडीत थांबणार. ऑपरेशन दुपारी होतं. "तुम्ही रोजच्यासारखे कामाला जा, आणि दुपारच्या आत तिकडे या," ती म्हणाली. "सगळे एकदम बाहेर पडलो तर याला वास लागेल. एवढं शिकवलंय, ते नासवायचं नाही."

मी ओट्याशी चहा पीत होते. बाबा चष्मा पुसत होते. आईने खुंटीवरून चाव्या घेतल्या. बाबांनी मान वर केली, तोंड उघडलं. तिने फक्त भुवई उंचावली आणि त्यांनी ते मिटलं. ती गेली. जिन्यात पत्र्याच्या टोपीचा आवाज उतरत गेला. बॉबिनने एक कान उचलला, पायडलवर हनुवटी नीट ठेवली आणि डोळे मिटले.

मी आणि बाबा एकमेकांकडे बघून हसलो. आवाज न करता, परीक्षेत पास झालेल्या मुलांसारखे.

तिच्या आधीच्या रुग्णाला ताप आला म्हणून आईला लवकर आत घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा ऑपरेशन नीट पार पडलेलं होतं आणि ती गुंगीत होती. बोलेल थोड्या वेळाने, असं सांगितलं. ती बोलली नाही. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. असं क्वचित होतं, आणि झालं तर फार वेगाने होतं. डॉक्टर मला समजावत होते आणि मी मान हलवत होते, कारण मला ते खरोखरच समजत होतं. त्याचा काही उपयोग नव्हता. घरी येताना मावशीने एक पिशवी हातात दिली. त्यात आईच्या चपला, केसांचा चाप आणि चाव्या होत्या.

घरी माणसं जमली. दारात येणारा प्रत्येक जण रडत होता. बॉबिन पायपुसण्यावर बसून होता, येणाऱ्या पायांना वाट करून देत. "किती शांत आहे," कुणीतरी म्हणालं. मावशीने डोळे पुसले. "मुकं जनावर, पण कळतं त्याला सगळं."

त्याला काहीच कळलेलं नव्हतं. जे कळलं होतं ते आम्ही शिकवलेलं होतं: न बोलता गेलेलं माणूस येतं. घरात तेवढा एकटाच निश्चिंत होता.

पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं, निदान पुस्तकापुरतं. अपेक्षा पुन्हा पुन्हा फसली की ती विझत जाते. एक दिवस तो दाराशी जायचं सोडून देईल. त्या दिवसाची मला भीती वाटायची, आणि तो यावा असंही वाटायचं. कारण संध्याकाळी तो काही खात नव्हता. सकाळी खायचा, पण बाबा परत आल्यावर ताटली समोर ठेवली तर हुंगायचासुद्धा नाही. दाराकडे तोंड करून पडून राहायचा. अंगावरच्या फासळ्या हाताला लागायला लागल्या.

मला कोडं पडलं होतं ते असं. त्याची अपेक्षा विझतच नव्हती. रोज संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्यांत मला जिन्यातलं काही ऐकू येत नसतानाही, बाबा यायच्या आधी तो ताडकन उठायचा आणि पायपुसण्यावर जाऊन बसायचा. शेपटी फरशीवर आपटत. बाबांसाठी तो असा कधीच उठला नव्हता. मग बाबा आत येत, नियमाप्रमाणे त्याच्याकडे न बघता बूट काढत आणि थेट मोरीत हातपाय धुवायला जात. नियम मोडायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. तिचा होता तो आता.

एका संध्याकाळी मला सुटायला उशीर झाला. जिना चढायला लागले तेव्हा बाबा माझ्या एक मजला पुढे होते. हाक मारणार, तेवढ्यात ते शेवटच्या वळणावर थांबले. त्यांना दम लागत नाही. शर्टाच्या खिशातून त्यांनी आईचा जुडगा काढला आणि कठड्यावर दोनदा आपटला.

आतून नखांचा आवाज आला, फरशीवरून दारापर्यंत. बाबा डोळे मिटून तो ऐकत होते.

"बाबा."

ते दचकले नाहीत. जुडगा मुठीत धरून म्हणाले, "आज उशीर झाला तुला."

"रोज करता हे?"

"आत कुणीतरी उठतं गं," ते म्हणाले. "तिच्यासाठी. तेवढं ऐकतो आणि मग वर जातो."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. रडावंसं वाटत होतं आणि तोंडातून निघालं ते शास्त्र. "असं केलं तर त्याची आशा जायची नाही, बाबा. ती विझायला हवी. रोज खूण मिळत राहिली तर तो वाट बघतच राहील."

"कधीपर्यंत?"

"तुम्ही थांबेपर्यंत."

"मग बरंय की," बाबा म्हणाले.

 दाराच्या आत शेपटी आपटत होती. मी म्हणाले, "आज आत गेल्यावर त्याच्याकडे बघा."

"बघायचं नसतं ना."

"आज बघा."

त्यांनी दार उघडलं. बॉबिन पायपुसण्यावर ताठ बसला होता, छाती पुढे काढून, आईने शिकवलं होतं तसा, जराही न हलता. त्याने बाबांकडे पाहिलं. मग बाबांच्या पायाशेजारून माझ्याकडे. मग माझ्या मागे, रिकाम्या जिन्याकडे. तिथे तो बराच वेळ बघत राहिला. शेपटी एकदा हलली, अर्धी हलली, थांबली. तरी तो उठला नाही. शांत बसलं की माणूस आत येतं, हे त्याला पाठ होतं, म्हणून तो आणखी शांत बसला.

बाबा बूट न काढताच उंबऱ्यावर खाली बसले. दिवसभर काचा घासून लाल झालेली बोटं त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवली. "हे रोज?" त्यांनी मला विचारलं.

"रोज."

"मला वाटायचं, त्याला आनंद होतो."

त्या संध्याकाळी तिघांपैकी कुणीच जेवलं नाही. मशीनवर कुणाची तरी एक पँट अजून तशीच होती, एक पाय आखूड केलेला, दुसऱ्याला टाचण्या. तिच्याकडे बघत आम्ही बसून होतो.

सकाळी बाबांनी खिशातला जुडगा काढून खुंटीवर अडकवला. बूट घातले. बॉबिन पायडलवर होता. बाबा दारापर्यंत गेले, वळले, परत आले, त्याच्यासमोर वाकले. त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. एक-एक करून त्यांनी सगळे नियम मोडले.

"येतो रे," ते म्हणाले. आवाज मऊ झाला होता, व्हायला नको होता तसा. मग उंबऱ्यावर जाऊन खुंटीकडे बघत पुन्हा म्हणाले, "येतो हं."

आणि तिथेच उभे राहिले.

खुंटीवरच्या चाव्या दाराच्या वाऱ्याने जराशा हलत होत्या. बाबांची बस चुकत होती. मी ओट्याशी होते, त्या दिवशी होते तिथेच.

"या," मी म्हणाले.

दार लागलं. पावलं उतरत गेली. बॉबिन पायडलवरून उठला, दाराशी गेला, पायपुसणं ओलांडून त्याने फटीला नाक लावलं. मग मान वर केली आणि रडायला लागला, पहिल्या दिवसांत रडायचा तसा, लांब, घसा फाडून. मी त्याच्याजवळ जाऊन फरशीवर बसले. त्याला गप्प बसवायचा शिकवलेला शब्द मला आठवत होता. मी तो वापरला नाही.

तो बराच वेळ रडला. वरून काठी वाजली नाही.