शेख बाईंची लाल शाई

दहावीच्या इतिहासाचे साडेतीनशे पेपर तपासून झाले आणि अख्तरबानू शेख यांनी सगळा मे महिना कादंबऱ्यांसाठी राखून ठेवला. घरात तसं बजावलंही. हिंजवडीला कंपनीत जाणारा मुलगा तौफिक म्हणाला, "अम्मी, चिल! कुणी डिस्टर्ब करणार नाही." वारज्याच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बाई वाचायला बसल्या.

तीन दिवसांत पहिल्या कादंबरीचा फडशा पाडून त्या बुधवार पेठेतल्या वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल अनंतरावांनी सवयीने पानं चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हा लेखक तुमच्याकडे शिकवणीला होता काय?"

बाईंनी पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लाल शाईत, गोल करून मार्क दिले होते. नायिका घर सोडून जाते तिथे अडीच, शेजारी शेरा: 'कारणे दिलेली नाहीत.' शेवटच्या पानावर बेरीजसुद्धा होती, आणि नायक काठावर पास होता.

"अहो, मला कळलंसुद्धा नाही हो!"

"आम्हाला कळलं. पुन्हा दिसलं तर सभासदत्व रद्द."

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी बाईंनी पेन कपाटात कुलूपबंद केलं. पुस्तक संपलं तेव्हा हातात तौफिकची पेन्सिल होती आणि समासात मार्क. आता मात्र त्या मनातून घाबरल्या. लहानपणी याच बाई जेवणाचा डबा विसरून वाचत बसायच्या. तीस वर्षं तपासता तपासता आपल्याला नुसतं वाचायचं कसं तेच विसरायला झालं की काय? त्यांना खरंच रडू आलं.

मार्क खोडायचं त्यांना सुचलंच नाही. पडेल चेहऱ्याने त्या वाचनालयात गेल्या, तर अनंतरावांनी चक्क चहा मागवला. सभासदाला चहा! बाई आणखीच घाबरल्या.

"तुमच्या त्या पुस्तकाला नंबर लागलेत, बाई. लोक म्हणतात, शेख बाईंनी तपासलेलंच द्या. आपल्या निवृत्त इंजिनिअर रावसाहेबांनी तर फेरतपासणीचा अर्ज केलाय. नायिकेला अडीच फार झाले म्हणे." त्यांनी एक कोरी, जाडजूड कादंबरी पुढे सरकवली. "ही आधी तुम्ही तपासा. मग मी कपाटात लावतो."

बाई सुखावल्या, नाही असं नाही. पण बसमध्ये बसल्यावर जीव खट्टू झाला. म्हणजे मे महिन्यातसुद्धा तपासणीच! काम ते काम म्हणून त्यांनी नवं लाल पेन उघडलं आणि पहिलं पान काढलं.

"ओ बाई, शेवटचा स्टॉप हाय! उतरताय का डेपोत मुक्काम?" कंडक्टर ओरडला, तेव्हा बाई एकशे बाराव्या पानावर होत्या.

चार दिवसांनी त्या वाचनालयात आल्या तेव्हा रावसाहेब काउंटरला टेकून वाटच बघत होते. अनंतरावांनी पानं उलटली, पुन्हा उलटली.

"एकही मार्क नाही? लेखक गैरहजर होता का?"

"पेन उघडंच होतं," बाई म्हणाल्या. "सगळी शाई साडीवर सांडली. मला घरी गेल्यावर दिसलं."

"मग मार्क किती समजायचे?" रावसाहेबांनी पुस्तकाकडे हात नेला.

बाईंनी ते चटकन उचलून छातीशी धरलं.

"थांबा हो. मी परत करायला नाही आले, तारीख वाढवून घ्यायला आलेय. मला पुन्हा वाचायचंय."