थोरलीची लाइन

फोनवरच्या चित्रात थोरलीचा हात हनुवटीपाशी गेला आणि तिथेच थांबला. ही थोडा वेळ वाट बघत बसली. मग तिनं फोनच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. चित्र हललं नाही. तिनं जमिनीवर पाय आपटून मला बोलावलं. मी आतल्या खोलीत सदरा घालत होतो. आमच्या घरात हाक मारायची ती अशीच. मी तिला पाय आपटून बोलावतो, म्हणून तीही मला तसंच बोलावते. मला ऐकू येतं ही गोष्ट ती धरतच नाही.

मी बाहेर आलो तर हिनं दोन्ही हातांनी दोरा तोडल्यासारखं केलं. म्हणजे लाइन तुटली. मी काय करणार? मीही फोनला एक चापटी मारली. तेवढ्यात थोरली पुन्हा हलायला लागली, तिनंही तिकडून दोरा तोडला, आणि दोघी मिळून इंटरनेटवाल्यांच्या नावानं बोटं मोडायला लागल्या.

ही म्हणजे माझी बायको. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिची थोरली बहीणही तशीच. माहेरी बाकी सगळे बोलके, आणि या दोघींना शाळेत कुणी घातलं नाही. मग दोघींनी हातांची आपली एक बोली केली. खरं म्हणजे ती थोरलीनं केली, हिनं शिकून घेतली. त्यातला एकूण एक शब्द थोरलीचा. खांदे गदागदा हलवले की वडील, कारण त्यांना दम्याचा त्रास होता. नाकाचा शेंडा वर उचलला की काकू. आणि हातांवरचं पीठ झटकलं की मी. मी तेव्हा बेकरीत भट्टीवर होतो. बघायला गेलो त्या दिवशी थोरलीनं मला एकदाच खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तिथल्या तिथं माझं नाव ठेवलं. अजून तेच चालू आहे.

मला त्यांची बोली कामापुरती येते. भूक, ताप, पाहुणे, भांडण. भांडणातलं सगळं येतं. पण दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या की माझी गत भरधाव बसमधून दुकानांच्या पाट्या वाचणाऱ्यासारखी होते. एखादी पाटी लागते, तोवर चार निघून जातात.

थोरलीचे यजमान गेल्यावर मुलानं तिला आपल्याकडे नेलं. ते गाव फार लांब. तेव्हापासून दोघींची वर्षवर्ष भेट नसायची. या काळात ही घरात लोकांचे कपडे इस्त्री करत असायची आणि मधूनच हात थांबवून, भिंतीकडे बघून काहीतरी बोलायची. मी विचारलं तर म्हणायची, तुझ्याशी नाही. मग आमच्या लेकीनं चित्रवाला फोन आणून दिला आणि घराचं रूपच पालटलं. दुपारी इस्त्री बंद केली की ही तोंड धुऊन, केस सारखे करून फोनपुढे बसायची. पलीकडे थोरलीची सून फोन डब्याला टेकवून ठेवायची. दोघींचे हात चालायला लागले की मला आपल्या बेकरीतली कणीक मळणारी माणसं आठवायची.

पण गेल्या वर्षभरात हे अडकणं फार वाढलं होतं. थोरली बोलता बोलता थांबायची. हात गालाला, नाहीतर छातीला टेकलेला, डोळे स्थिर. ही ताटकळत बसायची. अर्धा शब्द हवेत राहिला की त्यांचं सगळंच राहतं. तुमचं आमचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. यांचं चित्र थांबलं म्हणजे कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं.

मी लेकीला म्हणालो, जास्त वेगाची लाइन घेऊ या का. तिनं सरळ उडवून लावलं.

"बाबा, तुम्ही दोघं काय दिवसभर सिनेमे बघता? आहे ती लाइन पुष्कळ आहे. मी माझ्याकडे तेवढ्याच लाइनवर अख्खं ऑफिस चालवते. उगाच जास्तीचे पैसे भरायला निघालात."

तिचं चुकत नव्हतं. तरी मी इंटरनेटच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, कशासाठी वापरता. म्हटलं, बोलायला.

"मग काही गरज नाही आजोबा. आहे त्यात आवाज अजिबात अडकायचा नाही."

"आवाजाचं आम्हाला काय करायचंय? दोघी बहिऱ्या आहेत."

"मग त्या फोनवर करतात काय?"

"बोलतात."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या माणसाकडे बघितलं, आणि मुकाट्यानं सगळ्यात मोठी लाइन लिहून घेतली. जास्तीच्या पैशांसाठी हिनं एका लॉजच्या चादरी इस्त्रीला धरल्या. मोठाल्या, जाड चादरी. संध्याकाळी खांदा दाबून घ्यायची, पण तोंडावर हसू असायचं. म्हणायची, आता थोरली तुटणार नाही.

नवी लाइन आली त्या दुपारी चित्र असं स्वच्छ उमटलं की आम्ही दोघंही दचकलो. थोरलीच्या कपाळावरचा देवीचा वण दिसला. तिच्या मागच्या फरशीची तडा गेलेली कडा दिसली. हिनं आधी तिचे पांढरे केस मोजायचं सोंग केलं. थोरलीनं हिचे दात मोजले. मग हिनं माझं टक्कल तिला जवळून दाखवलं, आणि थोरली हसता हसता डोळे पुसायला लागली. मग ती काहीतरी सांगायला लागली, सुनेबद्दल असावं. हात वर आला, हनुवटीला टेकला आणि चित्र अडकलं.

हिनं चापटी मारायला हात उचलला.

त्याच वेळी थोरलीच्या मागून तिची सून धुण्याची बादली घेऊन गेली. अगदी व्यवस्थित, पावलापावलानं, या दारातून त्या दारात. बादलीतून पाणी सांडलं तेही दिसलं. ओल्या फरशीवर ती जरा घसरली, सावरली आणि बाहेर गेली. थोरली मात्र तशीच होती. हात हनुवटीला घट्ट दाबलेला, पापणी लवत नव्हती, श्वास धरलेला. फोटो काढायला बसवलेल्या माणसासारखी.

हिचा उचललेला हात हवेतच राहिला. मग तिनं तो हळूच मांडीवर ठेवला.

थोड्या वेळानं थोरलीनं श्वास सोडला, हात झटकन पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं कसाबसा दोरा तोडून दाखवला. लाइन खराब आहे.

हिनं मान हलवली. हो, खराब आहे.

संध्याकाळी चादरी तशाच पडल्या होत्या. मी हिला विचारलं. तिनं हात हनुवटीला दाबून धरला, थोरलीसारखा. मग तो अलगद सोडला आणि हवेत थरथरू दिला. मला कळायला तेवढं पुरे होतं.

मी थोरलीच्या सुनेला फोन केला. बाई वाईट नाही. ती म्हणाली, "काका, वर्ष झालं डॉक्टरांनी सांगून. कंपवात आहे. हात अजून आखडतील, मग चेहराही. गोळ्या चालू आहेत."

"तिला माहीत आहे?"

ती म्हणाली, "कसं सांगणार काका? आम्हाला त्यांच्या भाषेतलं जेवलात का, झोपा आता, एवढंच येतं. गोळी दिली की घेतात बिचाऱ्या. मावशींच्याकडूनच सांगावं असं रोज म्हणायचो. पण मावशींना तरी कसं सांगणार होतो? आणि तुम्हाला फोन करायचा धीर होईना."

म्हणजे ते काम हिचं होतं. जगात दुसऱ्या कुणालाही ते करता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ही नेहमीपेक्षा लवकर बसली. मी शेजारी बसलो. मला वाटलं होतं ती सरळ सांगेल, पण सांगायला शब्द नव्हता. त्यांच्या बोलीत या दुखण्याला काही नावच नव्हतं, आणि नावं ठेवणं हे कायम थोरलीचं काम. हिनं आयुष्यात एकही शब्द केलेला नव्हता. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि धरलेल्या हाताची बोटं एकेक करून मिटली. शेवटी करंगळी. मग तो मिटलेला हात थोरलीकडे धरला. तुझा.

थोरलीनं सगळं बघितलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या डोळ्यांच्या कडा भरून आलेल्या मला दिसल्या. मग तिनं दोरा तोडला. दिसत नाही म्हणाली. लाइन खराब आहे, काहीच दिसत नाही.

हिचे हात तसेच धरलेले होते. थोरली तिच्याकडे रोखून बघत होती. त्या बघण्यात धाक होता. लहानपणी मोठ्या बहिणीनं धाकटीला घालावा तसला.

ही म्हणाली, हो. आज फारच खराब आहे.

मग तिनं थोरलीला लॉजच्या चादरींची गंमत सांगितली.

रात्री जेवताना मी विचारलं, पुन्हा सांगणार का? हिनं नाही म्हटलं. का, ते सांगायला तिला वेळ लागला आणि मला कळायला त्याहून जास्त. मला तिचं म्हणणं कळलं ते असं. मला बोलायला थोरलीनं शिकवलं. तिचंच बोलणं आता अडखळतं. ते मी बघितलंय हे तिला कशाला कळायला हवं?

लेकीला सगळं कळलं तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण बाबा, लाइनचा दोष नव्हता ना? मग ही महागाची कशाला ठेवायची? आईनं त्या चादरी तरी सोडाव्यात." मी तेच हिला सांगितलं. वाटलं ऐकेल. हिनं करंगळीचं नख माझ्या डोळ्यांपुढे धरलं आणि ते जेमतेम हलवलं. मग फोनकडे बोट केलं. थोरलीचे शब्द आता एवढेसे होतील. जुन्या लाइनवर ते दिसायचे नाहीत.

चादरी चालू राहिल्या, लाइनही तीच राहिली, आणि दोघी रोज ती खराब आहे असं एकमेकींना सांगत राहिल्या.

शब्द खरोखरच लहान होत गेले. वडील म्हणजे आधी अख्खे खांदे हलायचे, आता एकच खांदा इतकासा उचलला जायचा. काकूचं नाक गेलं, कारण हात तिथवर पोचेना. थोरलीनं तिला मांडीवरच बोटानं कुठेतरी बसवलं आणि हिला ते बरोबर कळलं. चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं. मला वाटायचं ती रागावलीय. ही सांगायची, नाही, हसतेय. बोलण्याचं काम आता बहुतेक हिचंच. दुपारभर हिचे हात चालायचे, एकटीचेच. कोणाच्या सदऱ्याचं बटण तुटलं, कोण मेलं, कोणाला मूल झालं, मी काय वेडेपणा केला. थोरली मधे मधे एखादं बोट हलवायची. आणि ते जमलं नाही की हात छातीला दाबून, श्वास धरून स्थिर बसायची. ही वाट बघायची.

काल थोरली अशीच अडकली. छातीला दाबलेला हात छातीवरच थडथडायला लागला. तिनं दुसऱ्या हातानं तो धरला, तर दोन्ही थडथडायला लागले. सोंग तिच्या हातून निसटत होतं आणि ते तिला कळत होतं. तरी ती डोळे एका जागी रोवून बसली होती.

हिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. माझा फोन माझ्या हातात कोंबला आणि मला ओढून थोरलीला दिसेन असं उभं केलं. रागाव, म्हणाली. इंटरनेटवाल्यांना.

"आता कोणाला लावू?" मी तोंडानंच बोललो. हिनं कपाळाला हात लावला. कोणालाही लावू नको. नुसता रागाव.

मी फोन कानाला लावला. दुसरा हात कमरेवर ठेवला. "हॅलो," म्हटलं. "अहो, हे काय चाललंय तुमचं? आमच्या बाईसाहेब अर्ध्यातच थांबल्यात." भट्टीवर पोरांना झापताना करायचो तसा हात नाचवला. थोरलीची नजर माझ्याकडे वळली. ही मान डोलावून म्हणत होती, अजून.

दोघींना माझा आवाज जाणार नव्हता आणि फोनवर कुणी नव्हतं. मी हात नाचवत राहिलो.

"तुम्हाला काय जास्तीचं लागेल ते घ्या," मी म्हणालो. "आम्ही नाही कधी म्हटलंय का? भरतो की नाही वेळेवर? पण तेवढे तिचे हात राहू द्या. सगळे नकोत, एक राहू द्या. एक बोट राहिलं तरी ही भागवून घेईल. तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही हो. मला येत नाही. इतकी वर्षं झाली, मला कामापुरतंच येतं."

माझा आवाज फाटला तसा मी हात आणखी जोरात हलवला, म्हणजे राग वाटावा. ही माझ्याकडे बघत नव्हती. ती फोनला नाक लावून बसली होती. पलीकडे थोरलीनं दोन्ही हात खाली घेतले होते, पदराआड, आणि मी कोणाला तरी चांगलं फैलावर घेतोय हे बघत ती स्वस्थ बसली होती. तिचा एक खांदा इतकासा हलला. वडील म्हणाली की हसली, ते मला कळलं नाही.

हिनं न वळताच मागे हात करून मला खूण केली. थांबू नको.