कृष्णनाथानं ओळखलेला खोकला

कृष्णनाथ मुळगावच्या खाणीवर पंचवीस वर्षं फोरमन होता. सुट्टीसाठी कोण खरंच खोकतो आणि कोण सोंग करतो, हे आपल्याला पाठमोऱ्यानंही कळतं, अशी त्याची फुशारकी. गावानं ती कधी खोडली नाही. फोरमनशी वाकडं कोण घेणार!

म्हणून लेहच्या हॉटेलात बहिणीचा नवरा पांडुरंग दुसरी अख्खी रात्र खोकला, तेव्हा सकाळी निकालही कृष्णनाथानंच दिला. "मुळगांवच्या मनशाक खोकलेचें कसलें अप्रूप? खाणीची धूळ ती, भायर सरता."

गोव्याहून विमानानं ते एकाच दिवसात साडेअकरा हजार फुटांवर येऊन पडले होते. हॉटेलवाल्यानं दोन दिवस स्वस्थ पडून राहायला बजावलं होतं. पण सहल कृष्णनाथानं आखलेली, आणि तीत पडून राहायला दिवसच ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं पांडुरंगाला मठाच्या पायऱ्या चढवल्या. तिसऱ्या दिवशी, त्या खोकल्यासकट, साडेसतरा हजार फुटांवरच्या खिंडीत नेलं. तिथं फोटोला उभं करताच पांडुरंग मटकन खाली बसला. ओठ निळे पडले, थुंकीतून गुलाबी फेस आला. ड्रायव्हरनं कुणाला न विचारता त्याला उचलून गाडीत घातलं आणि गाडी माघारी पिटाळली.

"एवढ्या घाईनं उंच चढलं की फुप्फुसांत पाणी भरतं," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर खाली आणलंत, म्हणून वाचले."

कृष्णनाथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा," सुमंगला रडत होती, "तूं आशिल्लो म्हणून म्हजो घोव वांचलो. देव तुजें बरें करूं."

खाटेवरून ऑक्सिजनच्या मास्कआडून पांडुरंगानं हात हलवला: सांगू नका. त्या हातामुळे कृष्णनाथाला जास्तच लाज वाटली.

"सुमंगला, ताका ड्रायव्हरान वांचयलो. खोकली कालच सुरू जाल्ली. हांवें ताचें आयकलें ना."

पलीकडचं रडणं थांबलं.

"तो कितें म्हणटालो?"

"म्हणटालो, दादा, म्हाका स्वास घेवंक जायना, परत वचूंया."

"आनी तूं?"

कृष्णनाथानं खाटेकडे पाठ केली.

"हांव हांसलों," तो म्हणाला.