चांदीचं औषध

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्यासमोर एक शेळी उभी आहे. एका हातानं तिचं तोंड धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिची खालची पापणी हळूच खाली ओढायची. आतला भाग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसला, तर शेळी ठणठणीत. फिकट गुलाबी दिसला, तर काळजी. आणि पांढरा पडला असेल, तर तिच्या पोटातले जंत तिचं रक्त पिऊन टाकत आहेत आणि आता वेळ फार थोडा आहे.

कुंडल गावच्या साक्षीला हे येत होतं. ती पाचवीत होती. तिला ते शिकवलं होतं क्षमाताईंनी. क्षमाताई जनावरांच्या डॉक्टर. दुकानातलं जंताचं औषध आता बऱ्याच शेळ्यांना लागू पडेनासं झालं होतं. वर्षानुवर्षं तेच औषध, तेही कमीजास्त दिल्यामुळे जंत त्याला सरावले होते. म्हणून पळसपापडीचा, म्हणजे पळसाच्या बियांचा अर्क उपयोगी पडतो का, हे ताई पाहत होत्या. गावातल्या काही घरांतल्या शेळ्या त्यांनी त्यासाठी निवडल्या होत्या. ज्यांना अर्क द्यायचा त्यांच्या गळ्यात हिरवा दोरा, ज्यांना अजून काहीच द्यायचं नाही त्यांच्या गळ्यात पांढरा. दोन्हींच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून जंतांची अंडी मोजायची. औषध न घेतलेली शेळी शेजारी असल्याशिवाय औषधानं काय केलं ते कळत नाही, असं ताईंनी समजावलं होतं. पांढऱ्या दोऱ्याच्या शेळ्यांना शेवटी औषध मिळणारच होतं, आणि पापणी फिकट दिसली तर कुणालाच ताटकळत ठेवायचं नव्हतं, लगेच फोन करायचा होता.

साक्षीच्या घरी दोन शेळ्या होत्या. चांदी नुकतीच व्यालेली, तिला दोन करडं. तिच्या गळ्यात हिरवा दोरा आला. दुसरी मोरी, अंगानं दांडगी, तिच्या गळ्यात पांढरा.

सुरुवातीचे दिवस साक्षीनंच चांदीला अर्क पाजला. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि ती मावशीकडे वाईला गेली. जाताना चांदीला रोज सकाळी किती अर्क द्यायचा ते आजोबांना सांगून गेली. आजोबांना ती आबा म्हणायची. नाथाजी आबा लष्करातून निवृत्त झालेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पण काम वेळच्या वेळी. ते हसून म्हणाले होते, "मला नगं शिकवूस. पलटण सांभाळलीया म्या, दोन शेरडं काय."

साक्षी परतली तेव्हा चांदीच्या जबड्याखाली पाणी उतरून मऊ गोळा आला होता. साक्षीनं पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग पांढराफटक पडला होता. आबांच्या डोळ्यांना तो रंग कळलाच नव्हता. तिनं फोन केला. क्षमाताई तासाभरात आल्या, त्यांनी खात्रीचं इंजेक्शन दिलं, पण रक्त उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चांदीनं मान टाकली. करडं तिच्या कासेला तोंड लावायला येत होती आणि साक्षी त्यांना बाजूला करत होती.

क्षमाताईंनी चांदीचं पोट उघडून पाहिलं. आत दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. हात धुताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, की या मात्रेत अर्क काही करत नाही असं दिसतंय, बाकीच्या घरांतूनही तो थांबवावा लागेल.

त्या गाडीकडे गेल्या आणि आबा गोठ्याच्या दाराशी बसून राहिले. बराच वेळ ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "कमी कुटं पडलो रं आपुन? रोज सकाळी दिलं. निम्मं चांदीला, निम्मं मोरीला. एकीनं प्यायाचं नि दुसरीनं त्वांड बघत ऱ्हायाचं, आसं कवा केलं न्हाई आमी."

साक्षीनं ते ऐकलं. निम्मं. अर्ध्या औषधानं जंत मरत नाहीत, हे ताईंनी तिला सांगितलं होतं. आबांना कुणीच सांगितलं नव्हतं.

ती धावत रस्त्यावर गेली. "ताई, अर्क थांबवू नका. चांदीला अर्धाच मिळालाय. मी वाटून दिला दोघींना."

क्षमाताईंनी तिच्याकडे पाहिलं. "तू तर वाईला होतीस ना गं?"

साक्षीनं मान खाली घातली. ताईंनी गोठ्याकडे एकदा पाहिलं, मग त्या तिच्यापुढे खाली बसल्या. त्यांना राग आला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या की उद्या करडांना औषध द्यावं लागेल, आणि आबांना ठाऊक नसेल तर ते तेही वाटून देतील. मी सांगू का, असं त्यांनी विचारलं.

साक्षीनं मान हलवली. "नगं. मीच सांगते."

ती परत आली. आबांच्या समोर उभी राहिली. कसं बोलावं ते तिला सुचेना. मग तिनं विचारलं, "आबा, पलटणीत एखादा जवान आजारी पडला, तर त्याच्या गोळ्या सगळ्यांना वाटायच्या व्हय?"

"न्हाई गं. जेवण वाटायचं. गोळ्या ज्याच्या त्याला..."

आबा थांबले. ते मोरीकडे बघत राहिले, मग चांदीच्या मोकळ्या दाव्याकडे.

"म्हंजी माज्यामुळं गेली व्हय ती?"

नाही म्हणणं सोपं होतं. साक्षीनं ते म्हटलं नाही. ती आबांच्या शेजारी जमिनीवर बसली, त्यांच्या धोतराशी लुडबुडणारं एक करडू त्यांच्या मांडीवर ठेवलं, दुसरं स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि उद्या कोणाला किती औषध द्यायचं ते आबांना सावकाश, पहिल्यापासून सांगू लागली.