ऑरिनची दोन बोटं

ऑरिन व्हॅलेक आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात तेरा वर्षं होता. किकची वेळ आली की त्यानं मैदानात यायचं, ओणवं व्हायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, एवढंच त्याचं काम. सात-आठ यार्ड मागे मी गुडघा टेकून बसायचो. मी चेंडू उभा धरायचा, किकरनं लाथ मारायची. ऑरिनच्या चेंडूला हवेत नेमक्या तितक्याच गिरक्या असत. माझ्या तळव्यात तो पडे तेव्हा त्याची शिवण हटकून गोलच्या खांबांकडे असे. शिवणीवर लाथ बसली की चेंडू भरकटतो, पण मला तो फिरवावाच लागत नसे. तेरा वर्षांत एकही चेंडू वाकडा गेला नाही. त्यामुळेच त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा तर आमच्याच स्टेडियमच्या रखवालदारानं त्याला फाटकावर अडवलं होतं.

ऑक्टोबरात सरावाच्या वेळी शिवण किकरकडे वळलेली आली. दुसऱ्या दिवशीही तेच. आंघोळीनंतर ऑरिन शर्टाची बटणं डाव्या हातानं लावत बसला होता. मी शेजारी बसलो.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तुझ्या बायकोपेक्षा तुझे हात जास्त ओळखतो मी. उगाच वेड पांघरू नकोस."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "करंगळी आणि तिच्या शेजारचं. ऑगस्टपासून. लाकडाची झाल्यासारखी वाटतात."

"म्हणजे मानेत नस दबलीय तुझी. डॉक्टरला दाखव."

"दाखवलं की तो कोचला सांगणार. हा हंगाम संपू दे, कर्ट. मग मीच थांबतो. तोवर तोंड बंद ठेव."

मी ठेवलं. मैत्रीखातर ठेवलं असं आजवर सगळ्यांना सांगत आलो, पण ते अर्धंच खरं. मी छत्तीस वर्षांचा होतो. नवा माणूस आला असता तर त्याचे वेडेवाकडे चेंडू माझ्या हातून सुटले असते आणि ऑरिनपाठोपाठ मलाही घरी जावं लागलं असतं. म्हणून मी निमूटपणे चेंडू फिरवून धरत राहिलो. किकरला पत्ताही लागला नाही.

ऑरिन मात्र हरला नव्हता. घरच्या गॅरेजात भिंतीला जुनी गादी टेकवून तो रोज दोन-दोनशे चेंडू फेकायचा. मेलेली बोटं वगळून त्यानं पकड नव्यानं बसवली. डिसेंबरात शिवण पुन्हा जागेवर यायला लागली. असं मी कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

शेवटच्या सामन्यात स्टेडियमशेजारच्या तळ्यावरून बर्फ भिरभिरत येत होता. आम्ही दोन गुणांनी मागे, किक गेली तर तीन गुण, तीन सेकंद शिल्लक. ऑरिन ओणवा झाला. समोर तीनशे पौंडांचा एक गडी थेट त्याच्या डोक्यावर नजर लावून उभा होता. ओणव्या माणसाला तसं समोरून धडकायला मनाई करणारा नियम तेव्हा नव्हता. चेंडू आला. शिवण बरोब्बर पुढे. किक खांबांच्या मधोमध गेली.

सगळे किकरकडे धावले. मीही धावलो. त्याला खांद्यावर घेतलं, ओरडलो. मग वळून पाहिलं, तर ऑरिन तसाच पडला होता, बर्फात तोंड खुपसून.

मी त्याच्याजवळ जाऊन आडवा झालो.

"गेला का?" त्यानं विचारलं.

"गेला. मधोमध."

"कर्ट, माझे हात सापडत नाहीयेत रे मला."

ते पुन्हा सापडले नाहीत. पायही नाहीत. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची बायको लोर्ना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"डॉक्टर म्हणतात, मान आधीपासून खराब होती. तुला माहीत होतं?"

"हो. ऑक्टोबरपासून."

ती ओरडली नाही. "मला नुसता एक फोन केला असतास," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आता दर रविवारी मी त्याच्याकडे जातो. दाढी करून देतो, मग दोघं सामना बघतो. किकच्या वेळी तो मला बोलू देत नाही. परवा म्हणाला, "हा नवा गडी मनगट लवकर वळवतोय. कळव त्याला." मी पत्र टाकलं. उत्तर आलेलं नाही. लोर्ना मला दार उघडते. 'ये' मात्र अजून म्हणत नाही.